झोपेला दवाखान्यात नेले तेव्हा

मित्रांनो, बाज म्हणतात ती मी. बाभळीच्या पायांची, अंबाडीच्या दोरांची आणि आता बरीच जुनी झालेली. कारंजा लाडच्या एका सुताराने माझे पाय तासले, आणि इंद्रभानने मला स्वतःच्या हाताने विणले. त्याचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. वीण थोडी वाकडी गेली, तर त्याची बायको लिलाबाई म्हणाली, "उसवा अन् पुन्ना विना. वाकडं काम मले चालत नाही." त्याने ते मुकाट्याने केले. लिलाबाईचा स्वभाव मला जन्मापासूनच कळला, तो असा.

इंद्रभान जिनिंगमध्ये रेच्यावर होता. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र. हंगामात त्याला रात्रपाळी असे. सकाळी घरी येऊन तो अंगणातल्या कडुनिंबाखाली माझ्यावर आडवा होई. पहिली काही वर्षे तो लहान मुलासारखा शांत झोपे. मग त्याचे अंग सुटले, मान जाड झाली आणि घोरणे सुरू झाले. "इंद्रभानचं इंजिन सुरू झालं," म्हणून गल्ली हसायची. किती गाढ झोपतो, असेही म्हणायची.

पण मित्रांनो, मला खरे ठाऊक होते. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडे. त्याची छाती मात्र वर-खाली ओढ घेतच राही. माझे दोर करकरत, पण श्वास ना आत जाई ना बाहेर येई. मग बुडता माणूस वर यावा तसा तो मोठ्याने श्वास ओढी, दचके, आणि पुन्हा तेच. उठायचा तो डोके धरूनच.

एका सकाळी मुकादम फुलचंद त्याला घरी घेऊन आला. इंद्रभानची बाही फाटून लोंबत होती.

"बाई, उभ्या उभ्या झोपला हा. आज बाही गेली रेच्यात, उद्या हात जाईन. पितो काय?"

"थेंबाले शिवत नाही," लिलाबाई म्हणाली.

"मंग एक घोट देत जा निजताना. चांगली झोप लागीन."

तिने ऐकले, आणि त्या दिवशी माझ्यावरचा माणूस इतका वेळ श्वासावाचून राहिला, की त्याचे ओठ निळे पडले. लिलाबाईने त्याला गदागदा हलवून उठवले. बाटली तिने उकिरड्यावर फोडली आणि ती तडक दवाखान्यात गेली.

परत आली ती रागातच. "डॉक्टर म्हनते, घोरन्याले कायचं औषध? जागा मानूस तं चांगलाच दिसते म्हने. मंग मी झोपलेलाच नेऊन दाखवतो."

दुसऱ्या दिवशी इंद्रभान घोरू लागताच तिने शेजारचे चार गडी बोलावले आणि मला त्याच्यासकट उचलायला लावले. आम्ही गल्लीतून निघालो. लोक बाजूला सरले. कोणी टोपी काढली. सुंदरबाईने पदर तोंडाला लावून विचारले, "कोन गेलं व?"

"कोनी नाही गेलं. झोप दाखवाले नेऊन राह्यली मी."

वाटेत इंद्रभान जागा झाला. "काय चाललं हे?"

"तुमी निजा!" लिलाबाई गरजली. तो बिचारा पुन्हा झोपला.

दवाखान्याच्या ओसरीत डॉक्टर आधी हसले. मग आवाज थांबला. ते वाकले. छाती ओढत होती, नाकाशी वारा नव्हता. त्यांचे हसू गेले. त्याला उठवून त्यांनी विजेरीने घसा पाहिला.

"बाई, तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "घशातल्या या वाटेला हाडाचा आधार नसतो, नुसतं मांस. जागेपणी ते घट्ट राहतं, झोपेत सैल पडतं. यांच्या घशातल्या गाठी, म्हणजे टॉन्सिल, सुजल्या आहेत, मानेत चरबी आहे, जबडा लहान आहे. मुळात वाट अरुंद. उताणं झोपलं की जीभही मागे पडते. मग ओली चिंधी तोंडाशी धरून श्वास ओढावा, तसं होतं. जितकं ओढावं, तितकी ती चिकटते. जीव घाबरून जाग येते, तेव्हा वाट उघडते. म्हणजे हा माणूस झोपतच नाही."

"अन् दारू?"

"ती मांस अजून सैल करते."

लिलाबाईने मान खाली घातली, पण क्षणभरच. "आता काय करू ते सांगा."

सांगितले ते तिने सारे केले. फुलचंदला भेटून नवऱ्याला रेच्यावरून काढून कापसाची गाठोडी मोजायला लावले. अकोल्याला नेऊन घशातल्या गाठी काढून आणल्या. ताटातले तेल-तूप कमी केले. त्याच्या अंगातल्या बंडीला पाठीवर चिंचोक्यांची पोटली शिवली. उताणा वळला की ती टोचे, आणि तो पुटपुटत कुशीवर होई. वर्षभर त्या दोघांचे यावरून भांडण चालले. तिने पोटली काढली नाही.

मग एके दुपारी निंबाखाली काहीच ऐकू येईना. लिलाबाई हातातले सूप टाकून धावली. तिने त्याच्या तोंडाशी कान नेला. श्वास संथपणे येत होता, जात होता. ती तिथेच जमिनीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. तो जागा झाला नाही, शांत झोपूनच राहिला.

आता माझे दोर सैल झाले, माझ्यावर कोणी निजत नाही, कुरडया वाळतात. त्याचे मला दुःख नाही. एवढेच मागते, मित्रांनो: घरात कोणी घोरत असेल तर हसून पुढे जाऊ नका. थोडा वेळ जवळ बसा. आवाज थांबला, तर श्वास चालू आहे का ते पाहा. आणि नसेल, तर कोणी कितीही हसो, त्याला उचला आणि दवाखान्यात घेऊन चला.