निघतानाचा शब्द

निखिलने गुरुग्रामहून फोनवर जाहीर केलं, की आपल्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आता होम ऑटोमेशन बसणार. नुसतं बोललं की दिवे लागतील, पंखे थांबतील, पडदे सरकतील, दाराला कुलूपही लागेल. "आणि रविवारी तो माणूस येईल तेव्हा मी तिथे असेन, आई," एवढं शेवटचं वाक्य त्याने टाकलं नसतं, तर हेमलताबाईंनी त्या माणसाची दारातूनच बोळवण केली असती. तासाभराच्या अंतरावर राहणारा मुलगा गणपतीनंतर फिरकला नव्हता. दिवाळी तर त्याने व्हिडिओ कॉलवर उरकली होती.

तयारी निखिलच्या वडिलांनी, सूर्यकांतरावांनी हातात घेतली. केंद्र सरकारच्या खात्यात चौतीस वर्षं घालवलेला माणूस. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हाताला फाइल लागली होती. कंपनीच्या सूचना होत्या: भिंतीलगतचं सामान हलवा, प्रत्येक स्विचबोर्डात न्यूट्रल वायर आहे का ते पाहून ठेवा, सोबतचा फॉर्म भरा. न्यूट्रल वायर त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून खोलीखोलीत तपासून घेतली. जन्मभर ऑफिसात स्वतः न्यूट्रल राहिल्यामुळे त्यांना त्या वायरीबद्दल आपुलकीच वाटली. फॉर्ममध्ये विचारलं होतं, घराबाहेर पडताना काय म्हणता? त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'येतो'. परत आल्यावर? 'आलो'. मग सही ठोकून तीन प्रती काढल्या.

हेमलताबाईंची तयारी वेगळी होती. निखिलला अळूवडी आवडते, म्हणून पानांसाठी त्या मेट्रो बदलत आयएनए मार्केटला जाऊन आल्या.

रविवारी अकराला हरीश नावाचा इन्स्टॉलर आला आणि दोनपर्यंत त्याने सगळं बसवलंही. निखिलचा पत्ता नव्हता. वड्या उकडून तयार होत्या, पण तो आल्यावर गरम तळायच्या म्हणून हेमलताबाई थांबून राहिल्या.

"सर, अब बाहर जाके दिखाइए," हरीश म्हणाला.

सूर्यकांतराव चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "येतो."

घरातले झाडून सगळे दिवे लागले, पडदे उघडले, गीझरसुद्धा सुरू झाला.

"अरे, ये तो उलटा हो गया!"

"उलटा तो आपने फॉर्म में लिखा था सर, मैंने ठीक कर दिया. येतो मतलब आता हूँ ना?"

"मतलब जाता हूँ. हमारे में निकलते समय 'जाता हूँ' नहीं बोलते. अशुभ होता है."

हरीश जरा विचारात पडला. "तो घरवालों को पता कैसे चलता है सर, कि बंदा आ रहा है या जा रहा है?"

सूर्यकांतरावांनी सवयीने फाइल उघडली. तिच्यात ह्याचं उत्तर नव्हतं.

हरीशने मोबाइलवर खटाखट बोटं चालवून शब्दांची अदलाबदल केली. तेवढ्यात निखिलचा फोन आला. आता येईलच म्हणून हेमलताबाईंनी कढईत तेल तापत ठेवलं होतं; हात तेलाचे, म्हणून सूर्यकांतरावांनी फोन स्पीकरवर टाकला.

"आई, सॉरी, ऑफिसचा कॉल लागलाय. पुढच्या रविवारी बिल्कुल पक्का. येतो!"

दिवे गेले. पंखे थांबले. भर दुपारी पडदे हळूहळू मिटत गेले आणि दाराचं कुलूप खटकन लागलं.

"देखा सर?" हरीश खूश झाला. "अब सही समझ रहा है."



"या यंत्राला पहिल्याच दिवशी कळलं हो," हेमलताबाई नवऱ्याला म्हणाल्या आणि चाचपडत जाऊन त्यांनी कढईखालचा गॅस बंद केला.