साडेचाळीसचा दिवस

मी बोलतोय तो वरून. दुकानात शिरताच तुमची नजर ज्याच्यावर जाते आणि कपाळाला आठी पडते, तो काळा लाकडी फलक म्हणजे मी. परदेशी चलन बदलून देणाऱ्या एका छोट्या दुकानात, काउंटरच्या मागच्या भिंतीवर माझं आयुष्य चाललं आहे. माझ्या अंगावर डॉलर, युरो, पौंड, येन अशा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने. एकात आम्ही ज्या भावाने नोटा घेतो तो, दुसऱ्यात ज्या भावाने देतो तो. रकान्यांत बारीक खिळे आहेत आणि खिळ्यांवर पत्र्याचे आकडे लटकतात. भाव बदलला की आकडा काढायचा, दुसरा अडकवायचा. वाऱ्याने ते किणकिणतात. मला वाटतं, जगात पैशाचा एवढा गोड आवाज दुसरीकडे कुठे होत नसेल.

मला घडवलं दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरने. शाळा मोडली तेव्हा तिथला एक फळा त्याने मिळवला होता. म्हणजे मी जन्माने मास्तरांच्या घरचा. शिकवायची खोड त्यामुळेच असावी.

माझी मालकीण जाड चष्म्याची, कमी बोलणारी बाई. तिची भाची तिला मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मध्ये एकदा मावशीला नव्याचा मोह झाला. तिने लाल दिव्यांचा झगझगीत फलक आणला आणि मला दारामागे छत्र्यांच्या शेजारी उभं केलं. पण नव्या साहेबांचा एक बारीक दिवा गेला आणि त्यांचा आठ सहासारखा दिसू लागला. लोकांनी भांडून दुकान डोक्यावर घेतलं. मावशीने निमूटपणे मला पुसून पुन्हा खिळ्यावर चढवलं. तिने माफी मागितली नाही, पण खिळा मात्र नवा ठोकला.

पुढे मावशीचे गुडघे कुरकुरू लागले. स्टुलावर चढून माझे आकडे बदलणं तिला जमेना. शेजारचा चपलांचा दुकानदार जागा मागत होताच. चपलांच्या दुकानात भावफलकाचं काय काम? माझी रवानगी भंगारात होणार हे उघड होतं. तेवढ्यात भाची आली.

ती नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. मावशी तिला घाईबाई म्हणायची, कारण ती चहा थंड होण्याचीही वाट बघत नसे. तिला हे दुकान हवं होतं. फोनवरच्या एका ॲपमध्ये, सरावासाठी दिलेल्या खोट्या पैशांवर, तिने चलनांची खरेदी-विक्री केली होती आणि ते पैसे दुप्पट झाले होते. त्यामुळे आपल्याला सगळं येतं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मावशीने विचारलं, तिथे तू विकत होतीस तेव्हा घेत कोण होतं?

भाची म्हणाली, कोण म्हणजे? बाजार.

मावशी फक्त हसली.

पहिल्याच दिवशी भाचीने माझ्याकडे बोट दाखवून वाद घातला. आपण डॉलर चाळीसला घेतो आणि एक्केचाळीसला देतो, एकाच नोटेला दोन भाव, ही सरळसरळ लूट आहे, तिचं म्हणणं. तिचा आवाज तापला होता आणि खरं सांगू, मला ती आवडली. इतकी वर्षं लोक माझ्याकडे बघून मनात हेच म्हणत होते. कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

मावशी म्हणाली, "मग उद्याचा दिवस तुझा. भाव तू ठरव, मी तोंड उघडणार नाही. संध्याकाळी बघू, दुकान तुला द्यायचं की चपलांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची स्टुलावर चढली आणि डॉलरच्या दोन्ही रकान्यांत एकच आकडा अडकवला, साडेचाळीस. घ्यायचा तोच, द्यायचा तोच. माझ्या जन्मात असं कधी झालं नव्हतं. अंगावरून कुणीतरी जड कोट काढून घ्यावा तसं मला हलकं वाटलं.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. लोक आले, हसले, भाचीशी आनंदाने बोलले. नोटा विकायलाही आले, पण घ्यायला जास्त आले, कारण सुट्ट्या तोंडावर होत्या. आणि सगळ्यांत जास्त उत्साह होता समोरच्या फुटपाथवर. तिथे आमच्याच धंद्यातले एक काका दुकान थाटून बसतात. आधी त्यांचा मेव्हणा आला आणि डॉलरचं एक बंडल घेऊन गेला. मग त्यांची बायको आली. मग मेव्हणा पुन्हा आला, या वेळी काळा चष्मा लावून. शेवटी डोक्यावर टोपी ओढून काका स्वतः आले आणि मुलीच्या सहलीसाठी हवेत म्हणाले. त्यांना मुलगी नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मावशी कोपऱ्यात शेंगा सोलाव्यात तशी शांतपणे रबरबँडांचा गुंता सोडवत होती. तिचे खांदे मात्र हलत होते.

दुपारी भाचीचा फोन वाजत राहिला. दूरच्या देशातल्या मोठ्या बँकेने व्याज वाढवलं होतं. व्याज वाढलं की त्या देशाचा पैसा सगळ्यांनाच हवासा होतो, आणि हवासा झाला की महाग होतो. डॉलर चढू लागला. भाचीने बातमी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि आकडा बदलला नाही. सकाळी लिहिलेला शब्द दुपारी फिरवायचा नाही, असं तिने ठरवलं. थोड्याच वेळात डॉलरचा खण रिकामा झाला.

भाची खुशीत होती. चाळीसला घेतलेले साडेचाळीसला विकले, म्हणजे लूट न करताही फायदा झाला! मावशीने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. ती म्हणाली, मग खण पुन्हा भर.

भाचीने घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. भाव सव्वाएक्केचाळीस. रिसीव्हर ठेवताना तिचा चेहरा मी वरून पाहिला. साडेचाळीसला विकलेलं आता सव्वाएक्केचाळीसला घ्यायचं होतं. दिवसभर बहुतेक लोक घ्यायलाच येत राहिले आणि ती देत राहिली. भाव फिरला तर सांभाळून घ्यायला मध्ये फटच ठेवली नव्हती.

आणि नेमकी त्याच वेळी शिवणकाम करणारी एक बाई दारात आली. बॅगेला दोरी बांधलेली, बोटावर सुईचे घट्टे. परदेशात तिला नात झाली होती आणि संध्याकाळचं विमान होतं. वाटेत दुसरी दुकानं होती, पण साडेचाळीसचं ऐकून ती बस बदलून इथपर्यंत आली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि समाधानाने पर्स उघडली.

खण रिकामा होता. जिच्यासाठी भाचीने हा सगळा खटाटोप केला, तीच हात हलवत परत जाणार होती.

भाचीने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतःची पर्स घेऊन रस्ता ओलांडला. परतली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. काकांनी पावणेबेचाळीसने डॉलर दिले होते, तेही आमच्याच हिरव्या रबरबँडसकट. वर म्हणाले होते, उद्याही असाच भाव ठेवणार ना, म्हणजे मेव्हण्याला रजा घ्यायला सांगतो.

शिवणवाल्या बाईला भाचीने साडेचाळीसनेच डॉलर दिले. मधला फरक तिने स्वतःच्या पर्समधून भरला. मग स्टूल ओढलं.

ती चढून माझ्यासमोर उभी राहिली. मग घेण्याच्या रकान्यात एक्केचाळीस अडकवले आणि देण्याच्या रकान्यात साडेएक्केचाळीस. समोर काका दोन भावांमध्ये अख्खा एक ठेवतात. तिने अर्धा ठेवला. मावशी म्हणाली, एवढ्यात भागेल का? भाची म्हणाली, भाव हलला की मीही लगेच हलेन, खण अर्धा झाला की घाऊकवाल्याला फोन करेन, मग भागेल. आणि नाही भागलं तर पाऊण करेन. पण चोरून नाही. असं म्हणून तिने खडू घेतला, माझ्या कडेच्या कोऱ्या पट्टीवर तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, "आमचे". त्याखाली, अर्धा.

मावशी चष्मा पुसत राहिली. माझ्या आकड्यांचंही किणकिणणं थांबलं होतं.

"आज माझं बरंच नुकसान केलंस," मावशी म्हणाली. "एवढी महागाची शिकवणी लावल्यावर तुला सोडणं मला परवडायचं नाही, घाईबाई. उद्यापासून किल्ली तुझ्याकडे."

भाची तिच्या गळ्यातच पडली. स्टूल आडवं झालं.

आता तो खडूचा रकाना पक्क्या पांढऱ्या रंगात आहे. दिवसातून कितीतरी वेळा आकडे बदलतात, कधी अर्धा, कधी पाऊण, आणि लोक तिसऱ्या रकान्याकडे बघून विचारतात, आज पाऊण का? भाची कारण सांगते. काही जण तरीही घासाघीस करतात, काही समोर जातात. बरेचसे परत येतात. काकांकडेही परवा दबकत दबकत एक तिसरा रकाना आला आहे. त्यांचा आकडा मोठा आहे, पण निदान दिसतो तरी.

वाचकहो, तुम्हीही कधीतरी चलनाच्या बाजारात पाऊल टाकाल, फोनवर किंवा काउंटरवर. डॉलर चढेल की उतरेल हे सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐका हवं तर. पण आधी घेण्याचा आणि देण्याचा असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून त्यांच्यातलं अंतर बघा, ते कोणाच्या खिशात जातं ते विचारा, आणि तुमच्या प्रत्येक सौद्याच्या पलीकडे कोणीतरी उभं आहे हे ध्यानात ठेवा. कधी टोपी घातलेले काका असतील, कधी नातीला भेटायला निघालेली बाई.

आणि विचारायला लाजू नका. पाहिजे तर आमच्याकडे या. डॉलर वर चालला आहे, भाची पुन्हा स्टुलावर चढते आहे, आणि तिच्या हातात माझा नवा आकडा आहे.