नळीसकट

"बाबा, जेवणापुरती ती नळी काढा. तासाभराचा तर प्रश्न आहे," मुलगा म्हणाला. टेबलावर धुतलेलं कापड अंथरताना तो बापाच्या नजरेला नजर देत नव्हता.

मिस्त्री खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, बाजूला चाकाच्या गाड्यावर छोटं सिलिंडर. उभा जन्म वेल्डिंगमध्ये गेला होता. त्या धुराने फुफ्फुसांची चाळण केली, तरी गल्ली त्यांना अजून मिस्त्रीच म्हणे.

"काढणार नाही."

"अहो, माझ्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येतायत. आल्या आल्या त्यांना दवाखाना दाखवायचा?"

"मग मला आत ताट द्यायचं ठरलंय का?"

मुलाने कापडावरची सुरकुती दोनदा सारखी केली. ठरलं तेच होतं.

मागच्या हिवाळ्यापर्यंत मिस्त्री आपणहून नळी काढून जेवायला बसत. नाकात नळी आणि तोंडात घास, हे त्यांनाच लाजिरवाणं वाटे. पण ताटभर जेवूनही अंगी काही लागेना. पोट तट्ट फुगायचं, शौचाला तेलकट व्हायचं, पट्ट्याला नवी भोकं पाडून पाडून पट्टा संपत आला. शेवटी बायकोने दंडाला धरून त्यांना डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

"स्वादुपिंडाचे एन्झाइम कमी पडतायत तुमचे," तपासणीचा कागद बघून बाई म्हणाल्या. "अन्न आतड्यात उतरलं की आतड्यातून हार्मोन सुटतं. ते रक्तातून स्वादुपिंडाकडे जातं आणि सांगतं, जेवण आलंय, पाचक रस सोड. पण तो रस बनवायला आणि बाहेर टाकायला तिथल्या पेशींना ऑक्सिजन लागतो. तुमच्या रक्तात तो मुळातच कमी."

"म्हणजे हुकूम पोचतो, पण वेल्डिंगच्या टॉर्चला गॅस नाही."

बाई हसल्या. "सगळ्याच रोग्यांचं असं होतं असं नाही. पण तुमच्या बाबतीत मला तसंच दिसतंय. जेवताना नळी लावता ना?"

बायकोनेच सांगितलं, "तेव्हाच तर काढून ठेवतात."

त्या दिवसापासून नळी जेवतानाही नाकात राहिली, जोडीला गोळ्या आल्या. वजन फार वाढलं नाही, पण उतरायचं थांबलं. जिना चढून गच्चीवर जाण्याइतकं बळ परत आलं. आता ते कुणाच्या पाहुण्यांसाठी सोडून द्यायला मिस्त्री तयार नव्हते.

नात स्वयंपाकघरातून डोकावली. चेहरा उतरला होता. "आजोबा, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "पण तुम्ही आत बसू नका."

पाहुणे आले. नातीच्या होणाऱ्या नवऱ्याची आई शाळेची मुख्याध्यापिका होती, ताठ बसणारी, मोजकं बोलणारी. वडील हसतमुख होते, पण बायकोचा चेहरा बघून हसायचे. ताटं मांडून झाली तसा मुलगा घाईघाईने म्हणाला, "बाबांना जरा त्रास असतो, ते आत जेवतील."

मिस्त्रींनी गाडा ओढत आणला, खुर्ची सरकवली आणि बसले. "आत जेवणार नाही. त्रास फुफ्फुसाला आहे, माझ्या वागण्याला नाही."

नळीचा बारीक सूं सूं आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. मुख्याध्यापिकाबाईंची नजर नळीवरून हलेना.

"जेवतानाही लागते का हो?" त्यांनी विचारलं.

"जेवतानाच तर हवी. पोटातल्या स्वादुपिंडाला श्वास मिळाला नाही तर ते पाचक रस द्यायला आखडता हात घेतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लाजेपायी मी भरल्या ताटावर उपाशी राहिलो. आता राहणार नाही."

"बाबा, पुरे," मुलगा दबक्या आवाजात म्हणाला.

"पुरे कसं? भात वाढ."

मुलाचे कान लाल झाले. भात वाढला मिस्त्रींच्या बायकोने, आणि वाढताना मुलाकडे असं पाहिलं की तो पाण्याचा पेला उचलून पीत राहिला.

मुख्याध्यापिकाबाईंनी चमचा खाली ठेवला. "आमच्या सासऱ्यांनाही अशीच नळी होती," त्या म्हणाल्या. "पाहुणे आले की त्यांचं ताट मी आत नेऊन द्यायचे. पुढे पुढे रोजच द्यायला लागले. शेवटी ते ताट तसंच परत यायचं. आम्हाला वाटायचं, वय झालं."

त्यांच्या नवऱ्याने मान खाली घातली.

मिस्त्रींना वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. वय झालंच होतं त्यांचं, असं म्हणता आलं असतं. पण खोटं जिभेवर येईना.

"एकट्याला घास उतरत नाही," एवढंच ते म्हणाले.

नात खुर्ची सरकवून त्यांच्या शेजारी बसली. बोलणं पुन्हा सुरू झालं, कामाचं, घराचं, लग्न कधी करायचं त्याचं. एकेक करून ताटं रिकामी झाली. मुलगा ती गोळा करायला उठला.

"थांबा," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "त्यांचं व्हायचंय अजून."

मुलगा खाली बसला. मिस्त्रींनी घाई केली नाही. माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, दम घेतला, पुढचा घास तोंडात घातला आणि सावकाश चावू लागले. त्यांचं ताट संपेपर्यंत टेबलावरून कुणी उठलं नाही.