सहा महिन्यांची आजी

आमच्या घरात आज्यांची शिफ्ट चालते. सहा महिने मी, सहा महिने माझ्या सुनेची, दीपाची, आई. मी नागपूरहून येते, त्या सांगलीहून. मधला एक दिवस आम्ही दोघी विहिणी अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या घरात एकत्र असतो आणि त्या दिवशी चार्ज द्यायचा-घ्यायचा. नातीला, सियाला, वरणभात कुठल्या वाटीत लागतो, झोपताना कुठली चादर हवी, डिशवॉशरचं कुठलं बटण चुकूनही दाबायचं नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर शिफ्टच केल्या, पण तिथे निदान ओव्हरटाइम मिळायचा.

विमानतळावरच्या साहेबाला काय सांगायचं ते सुशांत आधीच पढवून ठेवतो. "आई, ग्रँडडॉटरला भेटायला आले, एवढंच म्हण." मी तेवढंच म्हणते. खोटं नाही ते. पण भेटायला आलेलं माणूस चार दिवसांनी बॅग भरतं, माझ्यासारखं सहा महिने नातीचे लंगोट बदलत बसत नाही.

सुशांत माझा एकुलता एक. नागपुरात सगळ्यांना वाटतं, तो डॉलरमध्ये लोळतोय. मलाही वाटायचं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघांचेही पगार रुपयांत सांगितले तर कुणाचेही डोळे पांढरे व्हावेत. पण मी इथे राहून बघितलंय ना. गॅरेजचं दार बिघडलं ते बिघडलंच, गाडी वर्षभर बाहेर उभी. थंडीत हीटर इतका कमी की मी घरात टोपी घालून पोळ्या लाटते. कोस्टकोच्या दुकानात दीपा बदामाचं पाकीट उचलते, उलटंपालटं करून बघते आणि परत ठेवते. घराचा टॅक्स वाढला, घराचा इन्शुरन्स वाढला, तब्येतीचा त्याहून वाढला. मी एकदा म्हटलं, एवढं आहे तर विका ना घर. सुशांत हसला. "आई, लोनचा हप्ता जुन्या रेटने चाललाय म्हणून टिकलोय. आज याच एरियात रेंटने राहिलो तर जास्त पडेल." दोघंही नोकरीच्या व्हिसावर असल्यामुळे दुसरं काही कामही करता येत नाही. आणि सियाचं डे-केअर या घराच्या हप्त्याच्या बरोबरीचं. म्हणून आज्या.

पहिल्या खेपेला आम्ही दोघं आलो होतो, मी आणि हे. हे म्हणजे मोरेश्वर, माझे यजमान. ऑक्टोबरातली गोष्ट. संध्याकाळी जरा फिरून येतो म्हणाले आणि परत आलेच नाहीत. इथली घरं सगळी एका साच्यातली, करडी, पुढे तेवढंच लॉन, तेवढंच झाड. तीन गल्ल्या पलीकडच्या एका दाराला हे आमची किल्ली लावत बसले होते. आतल्या बाईने पोलिसांना फोन केला. पोलीस भले होते, पण हे थंडीने गारठलेले, नाव विचारलं तर नागपूरचा पत्ता सांगत होते. म्हणून त्यांनी हॉस्पिटलात नेलं. व्हिजिटर इन्शुरन्सवाल्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, हा विसरभोळेपणा आधीपासूनचा दिसतो, आम्ही देणार नाही. त्या एका रात्रीचं बिल सुशांत अजून हप्त्याहप्त्याने फेडतोय.

त्यानंतर यांना इथे आणायचं नाही हे न बोलताच ठरलं. नागपुरात दाखवलं तेव्हा आजाराचं नाव कळलं. गेल्या मे महिन्यात मी निघायच्या आधी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून ते तुम्हाला ओळखतात. हे वर्ष राहील ओळख, फार तर पुढचं. जितकं जवळ राहता येईल तितकं राहा, ताई."

आणि मी विमानात बसले. दीपाच्या आईचे सहा महिने संपत होते, सिया दीड वर्षाची, काय करणार? मनाशी म्हटलं, एवढी एकच खेप. नोव्हेंबरात घरी. पुढचे सहा महिने त्या काढतील, मग तीन वर्षांची होत आली की प्री-स्कूल स्वस्तात मिळेल आणि माझी सुटका. यांची भाची नीना आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते, तिने जबाबदारी घेतली. रोज माझ्या सकाळी, त्यांच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल. त्यांच्या टेबलावर नीनाने माझा एक फोटोही ठेवला, आमच्या लग्नानंतरचा, दोन वेण्यांतला.

"उल्का, जेवलीस?" हे रोज पहिलं वाक्य. मी म्हणायचे, अहो, आत्ता तर सकाळ झालीय. मग हसायचे. कधी ऑफिसातल्या कुणाचं तरी नाव घ्यायचे, ज्याला मरून वीस वर्षं झाली. मी दुरुस्त करायचे नाही. मला ओळखतायत ना, बाकी जगाचं मला काय करायचंय.

नोव्हेंबरात दीपाची आई सांगलीच्या घरात बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, पण सहा महिने तरी प्रवास नाही. फोन आला तेव्हा माझी बॅग अर्धी भरलेली होती. वाईट वाटलं त्यांच्यासाठी, नाही असं नाही. पण खरं सांगते, आधी मला राग आला. त्या बाईचा राग, ओल्या फरशीचा राग.

सुशांतने मला राहा म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणायला तोंड तरी मिळालं असतं. तो म्हणाला, "आई, तू बघ. तुझ्यावर आहे. व्हिसा एक्स्टेंड करता येतो, अप्लाय करावं लागेल." माझ्यावर आहे म्हणजे काय? नवरा माझ्यावर, नात माझ्यावर, घराचा हप्ताही माझ्यावरच का? पण त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून मी गप्प बसले.

मग मी एक चलाखी केली. म्हटलं, यांनाच विचारू. हे म्हणतील 'ये', मग पोराला सांगायला माझ्याकडे कारण होईल. सकाळी फोन लावला. त्या दिवशी यांचं डोकं अगदी लख्ख होतं, चष्मा पुसून, केस विंचरून बसलेले. मी सगळं सांगितलं. सुशांतला परवडत नाहीये, विहीणबाई पडल्या, मी अजून सहा महिने राहायचं की यायचं, तुम्हीच सांगा.

यांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग म्हणाले, "राहा. पोराचं सावरू दे."

"आणि तुम्ही?"

"मी कुठे पळून चाललोय? नीना आहे. तिकडे महाग आहे सगळं. घाई करू नको."

मी फोन ठेवला आणि सिंकमधली भांडी इतक्या जोरात घासली की सिया रडायला लागली. शहाणपणा दाखवायला यांना हाच दिवस सापडला होता! एवढे महिने काही म्हणून लक्षात राहत नाही आणि बाप असणं तेवढं राहिलं.

डिसेंबरात हे मला एकदा सुमनताई म्हणाले. ती त्यांची मोठी बहीण. नंतर लगेच सावरले. जानेवारीत दोन-तीनदा फोनवर आलेच नाहीत. नीना म्हणाली, "मामी, आज मूड नाहीये मामांचा." टेलिफोनवर आयुष्य गेलेल्या बाईला पलीकडचा माणूस काय लपवतोय ते आवाजावरून कळतं. मी त्याच दिवशी सुशांत आणि दीपाला सांगितलं, मला आता जायचं. जे व्हायचं ते होवो, मी जाणार.

सुशांत लॅपटॉप उघडून तिकिटं बघायला लागला. दीपा म्हणाली, "आई, तुम्ही जा. खरंच जा. आम्ही मॅनेज करू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची गाडी दारात येऊन थांबली, पण ती आत येईना. बर्फ पडत होता. सिया काचेला नाक लावून "मम्मा, मम्मा" करत होती. शेवटी तिला टीव्हीपुढे बसवून मी सुशांतचं जाकीट अंगावर टाकलं आणि स्लिपरवरच बाहेर गेले. काचेवर टकटक केली. दीपाने आतून दार उघडलं. मी शेजारी बसले. गाडीत इंजिन बंद, हीटर बंद, बाहेरच्याइतकीच थंडी.

"किती वेळची बसलीयस?"

"माहीत नाही." ती स्टिअरिंगकडे बघत होती. "मी आज मॅनेजरला विचारलं, पार्ट टाइम करता येईल का. तो म्हणाला, आत्ता असलं काही विचारू नकोस, लेऑफची लिस्ट बनतेय. आई, मी जॉब सोडते. सियाला मी सांभाळते. यू गो टू बाबा."

"आणि घर?"

"घर जाईल." मग ती एकदम रडायला लागली, लहान मुलीसारखी, नाक वाहेपर्यंत. "आम्ही काहीच चुकीचं नाही केलं, आई. दोघं शिकलो, दोघं राबतो, कुठे फिरायला जात नाही, बाहेर जेवत नाही. तरी का पुरत नाही? सांगा ना, का पुरत नाही?"

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिचे केस गार पडले होते. माझी लेक असती तर तिच्याएवढीच असती, आणि तिला अशी सोडून मी गेले असते का? मी म्हटलं, चल आत, सिया एकटी आहे. आणि दाराशी पोचता पोचता म्हटलं, सुशांतला सांग, तिकीट बघू नको. मे महिन्यात जाईन.

हे सांगताना मी फार मोठं मन केलं असं नाही. मला नुसतं रडू येत होतं आणि दुसरा रस्ता दिसत नव्हता.

काल, मार्चच्या पहिल्या उबदार सकाळी, नीनाचा फोन आला. "मामी, मामा आज छान बसलेत. बोला." तिने फोन त्यांच्यासमोर टेकवला. किती वाळले होते. दाढी केलेली, गालावर एक छोटा कापसाचा बोळा.

"अहो, जेवलात?" मी विचारलं. आता हे मीच आधी विचारते.

त्यांनी फोनकडे नीट बघितलं. मग हात जोडले. "नमस्कार. आपण कोण?"

सिया माझ्या मांडीवर होती, ती म्हणाली, "आबा!" त्यांनी तिच्याकडे बघून मान डोलावली, शेजारपाजारच्या पोराकडे बघून डोलवावी तशी.

"मी अमेरिकेतून बोलतेय," मी कसंबसं म्हटलं.

"अमेरिका?" ते एकदम खूश झाले. टेबलावरचा तो दोन वेण्यांचा फोटो उचलून त्यांनी फोनसमोर धरला. "मग आमच्या मिसेस भेटतील तुम्हाला. ह्या बघा. उल्का नाव. तिकडेच असतात, मुलाकडे."

"हो का," मी म्हटलं.

"भेटल्या तर एक निरोप द्याल? म्हणावं, घाई करू नको. तिकडे महाग आहे सगळं, पोराचं सावरू दे." मग आवाज खाली आणून, नीनाला ऐकू जाऊ नये असा, ते म्हणाले, "मी थांबलोय म्हणावं."

मी म्हटलं, सांगते.