कोऱ्या चेहऱ्याचा शनिवार

विज्ञानाचं भलं व्हावं म्हणून आपण बाळाचं नाव विद्यापीठाच्या त्या बाळांवरच्या अभ्यासात दिलं, असं यव्होन मरोळ गावठाणात सगळ्यांना सांगत होती. विज्ञानाचा तिला एवढा पुळका कधीपासून, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं. बाळंतपणाची रजा संपून ती मालाडच्या ऑफिसात रुजू झाली आणि तिचा शेर्विन दिवसभर सासूच्या, एमिलियाच्या, कडेवर राहू लागला. संध्याकाळी यव्होनने दारात हात पसरले की हा पठ्ठ्या आजीच्या मानेत तोंड खुपसायचा. "अरे, मम्मा आली बघ!" एमिलिया तोंडाने म्हणायची, मिठी मात्र सैल करायची नाही. माया कोणाच्या खात्यात जमा होतेय, हे यव्होनला दिसत होतं. पोराला आपण लागतो की नाही, एवढं तिला एकदा कळायला हवं होतं. सासूला विचारण्यापेक्षा विद्यापीठाला विचारलेलं बरं.

शनिवारी सकाळी मोबाईलच्या पडद्यावर विद्यापीठाची रश्मी आली. नाहूरच्या आपल्या घरात बसून ती लोकांच्या घरातली बाळं बघायची. तोच तिचा अभ्यास. शेर्विन उंच खुर्चीत, समोर यव्होन, दोघांवर एकेक मोबाईल रोखलेला.

"खोलीत आता दुसरं कुणी नको हां," रश्मी म्हणाली.

"दुसरं कुणी म्हणजे?" एमिलिया.

"म्हणजे तू, मम्मी," यव्होन म्हणाली.

"मी दुसरी? वा!" बोंबलांचं ताट उचलून एमिलिया स्वयंपाकघरात गेली आणि आतून भांड्यांनी उरलेलं भाषण केलं.

त्यामुळे पुढची सूचना तिने ऐकलीच नाही. आधी नेहमीसारखं खेळायचं. मग रश्मीने सांगितलं की चेहरा कोरा. हसायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बाळाकडे बघायचं. "थोडाच वेळ. नको वाटलं तर लगेच थांबा."

खेळ झाला. रश्मी म्हणाली, "आता." यव्होनने चेहरा पुसून टाकला.

शेर्विन हसला. उत्तर नाही. मग त्याने दुकानातला सगळा माल बाहेर काढला: खालचे दोन दात दाखवले, ओठांनी भुर्र केलं, टाळ्या वाजवल्या, चमचा फेकून बघितला. आईचा दगड हलेना. यव्होनला आतून भडभडून येत होतं, पण उत्तर मिळवायचंच या हट्टाने ती बसून राहिली. अखेर त्याने ओठ काढला आणि भोकाड पसरलं.

एमिलिया स्वयंपाकघराचा पडदा सारून धावत आली. बघते तर पोर रडतंय आणि आई डोळे उघडे ठेवून ढिम्म.

"जीजस! हिला झटका आला!" तिने मावऱ्याच्या, बोंबलांचा वास मारणाऱ्या हातांनी यव्होनचे गाल धरून हलवले. "यव्होन! बोल गं बाय! माझ्या क्लेटनला काय सांगू मी? माझी एकुलती सून गं!"

शेर्विन गप्प झाला. यव्होनचा दगड फुटला, आधी हसू आलं, मग रडू.

"मम्मी, मी बरी आहे. प्रयोग होता."

"असला कसला मेला प्रयोग?"

"आँटी, मी आधीच तुम्हाला सांगायला हवं होतं," पडद्यातून रश्मी ओशाळून म्हणाली. "हे रेकॉर्डिंग आता धरता येणार नाही. पुढच्या शनिवारी परत करू या?"

यव्होनने पोराला उचललं. "एक सांग ना. आजी आली तसा गप्प झाला. म्हणजे मी नसले तरी..."

"तसं आम्ही मोजतच नाही," रश्मी हलकेच म्हणाली. "एका बाळाबद्दल असा निकाल मी देणार नाही."

यव्होनचा चेहरा पुन्हा कोरा झाला, या वेळी कुणी न सांगता. एमिलियाने तो बघितला. सुनेला काय टोचतंय, ते तिला बहुतेक तेव्हाच कळलं.

"दाखव ते रेकॉर्डिंग."

मोबाईलवर शेर्विन रडत होता. आजी आली. त्याने आजीकडे बघितलं, मग आईकडे, परत आजीकडे, परत आईकडे, आणि जोरात "अंऽ!"

"थांबव," एमिलिया म्हणाली. "माझ्याकडे हात पसरले का त्याने? चुगली करतोय लबाड! 'हिला बघ काय झालंय, हिला नीट कर.' माझ्याकडे यायचंच नव्हतं त्याला. तू हवी होतीस."

"हे तुमचं मत, आँटी," रश्मी म्हणाली.

"मग तुझं काय आहे?"

रश्मी नुसती हसली. यव्होनने शेर्विनच्या केसांत तोंड लपवलं.

"पुढच्या वेळी मी बसते तोंड पाडून," एमिलिया म्हणाली. "बघू माझी तक्रार कोणाकडे करतो."

"अभ्यास आईचाच आहे, आँटी."

"मग आपलं आपण करू. तू बंद कर गं तुझा मोबाईल."

पडदा काळा झाला. एमिलिया खुर्ची ओढून शेर्विनसमोर बसली, हात मांडीवर, चेहरा चर्चमधल्या पुतळ्यासारखा. शेर्विनने आईच्या मांडीवरून तिच्याकडे रोखून बघितलं. त्याने काही करायच्या आतच एमिलिया फिस्सकन हसली आणि पदर सावरत उठली.

"छे! गॅसवर कालवण आहे माझं."

गॅस पेटवलेलाच नव्हता. यव्होनने तसं म्हटलं नाही. पोराला घेऊन ती तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली.