फुलीच्या गाडीचा ब्रेक

मित्रांनो, मी ब्रेक आहे. मोटारीचा नव्हे, घोडागाडीचा. हसलात ना? हसा. घोडागाडीला ब्रेक असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. ओढणाऱ्या घोड्याचं कौतुक होतं, हाकणाऱ्याचं होतं, थांबवणाऱ्याकडे कुणी वाकून बघत नाही. मला त्याचं फारसं काही वाटत नाही, मी स्वभावानंच थंड आहे. पण माझ्या दांड्यावर वेल्डिंगचा एक जाड व्रण आहे आणि तो खोटा आहे. तेवढं मात्र मला एकदा कुणाला तरी सांगायचंच होतं.

माझा मुक्काम उदगीरला. नागप्पा नावाचे गाडीवान गिरणीतून डाळीची पोती भरतात आणि जुन्या गावातल्या दुकानांत पोचवतात. त्या गल्ल्यांत टेम्पो शिरत नाही, म्हणून आमची गाडी अजून टिकून आहे. गाडीला फुली नावाची तांबडी घोडी आहे. कपाळावर पांढरी फुली, म्हणून नाव फुली. ती आठ दिवसांची असताना तिची आई मेली. नागप्पांच्या बायकोनं, उमाबाईंनी, तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. अजूनही फुली घरी आल्याशिवाय उमाबाईंच्या घशाखाली घास उतरत नाही.

गिरणीपासून गावात यायला फरशीचा एक लांब उतार लागतो. माझ्याआधी गाडीला दोरीचा ब्रेक होता. उतार आला की नागप्पा उजव्या हातानं दोरी ओढायचे आणि एक लाकूड चाकाला घासायचं. मग एकदा ते ओल्या फरशीवरून घसरले आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मूठ काही आवळेना. भरली गाडी उतारावर फुलीला मागून ढकलू लागली आणि ती बिचारी मागच्या पायांवर बसत बसत कशीबशी खाली यायची. गिरणीतले हमाल म्हणाले, "घोडी इकून टाका मामा. येक दिस तिचं बी पाय जातील अन् तुमचं बी."

हे ऐकल्यावर उमाबाई दोन दिवस धड जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या शिवमूर्तीच्या दुकानात जाऊन बसल्या. शिवमूर्ती मळणीयंत्रं दुरुस्त करतो.

"हाताबिगर लागंल असा बिरेक करून दे," त्या म्हणाल्या. "तंवर मी हितनं उठत न्हाई."

"मामी, हाताबिगर कसा लागंल?"

"ते मला काय ठावं? मशीनवाला तू हायेस का मी?"

शिवमूर्ती तीन दिवस उतारावर उभा राहून फुलीकडे बघत राहिला. उतार आला की ती अंग मागे टाकायची आणि तिच्या मागच्या मांड्यांभोवतीचा कातडी पट्टा ताठ व्हायचा. तो नागप्पांना म्हणाला, "मामा, गाडी तर घोडीच थांबवायलीय. तिचाच जोर चाकाला देऊ की!"

असा मी जन्मलो. माझा दांडा मोडीतल्या मळणीयंत्राचा, ठोकळे बाभळीचे, त्यांच्या तोंडावर जुन्या टायरच्या पट्ट्या. फुलीच्या पट्ट्याची टोकं साखळीनं माझ्या दांड्याला जोडली. गाडी मागून रेटू लागली की पट्टा ताठ व्हायचा, साखळी ओढली जायची आणि मी दोन्ही चाकं धरायचो. ना दोरी, ना हात. पहिल्या दिवशी फुली उतारावर सवयीनं मागे बसायला गेली आणि तिला बसावंच लागलं नाही. तिनं मान वळवून मागे पाहिलं. तो क्षण मी विसरलेलो नाही.

माझ्यात एक खोड होती, तीही सांगतो. गाडी उलटी घ्यायची म्हटली की फुली पट्ट्यावर रेटा द्यायची, आणि मला वाटायचं उतार आला. मी चाक धरून बसायचो. त्यावर शिवमूर्तीनं एक खीळ करून दिली, दोन बोटं लांबीची. ती घातली की मी अडकून पडतो आणि गाडी मागे जाते. काम झालं की खीळ काढायची आणि बाजूला दोऱ्याला लटकवायची. गिरणीच्या ओट्याला गाडी उलटी लावावी लागे, त्यामुळे नागप्पा रोज खीळ घालत आणि रोज काढत.

वर्षभर माझा काय थाट होता म्हणता! जळकोटहून एक गाडीवान मला बघायला आला. नायगावहून एक आला, त्यानं मोबाईलवर माझे फोटो काढले. दोघांनीही शिवमूर्तीला असाच ब्रेक करायला सांगितला. फुलीच्या मागच्या पायांवरचे घासून गेलेले केस पुन्हा दाट झाले. उमाबाई येता-जाता मला फडक्यानं पुसायच्या.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा होते आणि त्यांना काम लावत नाहीत. उमाबाईंनी चाकांना, चाबकाला, जुन्या नालालाही हळदकुंकू लावलं. मग माझ्यापाशी येऊन बसल्या.

"वरीसभर माझ्या लेकीला सांभाळलास बाबा," त्या म्हणाल्या. "आज तू बी इसावा घे."

आणि त्यांनी खीळ उचलून माझ्यात घातली. मी मोकळा पडावा, माझ्यावर ताण येऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. खिळीच्या डोक्याला त्यांनी हळदकुंकू लावलं आणि वरून झेंडूचा भरगच्च हार बांधला. माझ्यावर इतकी माया आजवर कुणी केली नव्हती. खरं सांगतो, मला भरून आलं. खीळ तशीच राहील हे माझ्याही मनात आलं नाही.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी नागप्पांनी गाडी जुंपली. हार तसाच होता, पूजेचा हार कोण लगेच काढतो? सणानंतरचा पहिला दिवस म्हणून गिरणीचा ओटा रिकामा होता आणि गाडी बाजूनं सरळच लागली. उलटी लावावी लागली असती तर खीळ तिथंच दिसली असती. पोती चढली आणि आम्ही उताराला लागलो.

फुलीनं विश्वासानं अंग मागे टाकलं. पट्टा ताणला, साखळी ताणली, आणि मी जागचा हललो नाही. खीळ घट्ट होती. गाडी रेटत गेली, फुलीचे नाल फरशीवर घसरू लागले, नागप्पा ओरडत राहिले, "हो फुले! हो माय!" वळणावर ती पुढच्या गुडघ्यांवर पडली आणि तशीच फरफटत गेली. एका बांधकामाच्या वाळूच्या ढिगात चाक रुतलं, तेव्हा गाडी थांबली. मी थांबवली नाही.

नागप्पा खाली उतरून आधी फुलीपाशी गेले. मग वाकून त्यांनी माझ्यावरचा हार बाजूला केला. खीळ दिसली. तिच्या डोक्यावरचं हळदकुंकू दिसलं. मग डाव्या हातानं खीळ उपसून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. तोवर माणसं जमली होती.

"काय झालं मामा?"

"बिरेक तुटला," नागप्पा म्हणाले.

मित्रांनो, मी तुटलो नव्हतो! माझ्यावर साधा ओरखडाही नव्हता. मी इतका चिडलो की काय सांगू!

फुलीच्या गुडघ्यांना टाके पडले. डॉक्टर म्हणाले, जगेल, पण दोन महिने गाडी नाही. उमाबाई तिच्या गुडघ्यांना औषध लावत अंगणातून मला शिव्या घालायच्या. "तुझी पूजा केली म्या, अन् माझ्याच लेकीला दगा दिलास मेल्या!"

शिवमूर्ती मला बघायला आला. त्यानं दांडा चाचपला, साखळी ओढून पाहिली, मी झटक्यात चाक धरलं. त्याच्या कपाळावर आठी आली. "मामा, खीळ कुठाय?"

"पडली आसंल कुठंतरी," नागप्पा म्हणाले, आणि त्यांचा हात खिशावर गेला.

शिवमूर्तीनं खिळीच्या भोकाभोवतीचं कुंकू पाहिलं. मग अंगणात घोडीचा पाय मांडीवर घेऊन बसलेल्या उमाबाईंकडे पाहिलं.

"कुठनं तुटला रे शिवमूर्ती?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"हितनं मामी," त्यानं माझ्या धडधाकट दांड्यावर बोट ठेवलं. "माझंच काम कच्चं निघालं."

मला दुकानात नेऊन त्यानं न तुटलेल्या जागी जाड वेल्डिंग केलं, उमाबाईंना दिसावं म्हणून. त्याबरोबर एक खरं कामही केलं. नव्या खिळीला स्प्रिंग बसवली. आता गाडी पुढे निघाली की खीळ आपोआप उडून बाहेर येते. ती विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. पण ब्रेक तुटला ही बातमी जळकोटला आणि नायगावला पोचली होती. ते दोघे परत आले नाहीत. शिवमूर्तीनं कुणालाही खुलासा केला नाही.

मी पुष्कळ दिवस रागात होतो. दोन माणसं मिळून खोटं बोलली आणि बदनाम मी झालो. मग फुली बरी होताना रोज बघत गेलो. उमाबाईंनी हात पुढे केल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नव्हती. उमाबाईंना खरं कळलं असतं, तर त्यांनी तो हात तिला पुन्हा लावला नसता. हे माझ्या लोखंडी डोक्यात उशिरा शिरलं.

आता फुली पुन्हा गाडी ओढते, निम्म्याच पोत्यांची. मी काम चोख करतो. मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, गाडी असेल, तिला दसऱ्याला हार जरूर घाला. फक्त निघण्याआधी तो हार उचलून खाली एकदा बघा.

तीन खंडेनवम्या उमाबाईंनी मला वगळलं. चाकाला कुंकू, चाबकाला कुंकू, मला काही नाही. यंदा मात्र त्या माझ्यापाशी थांबल्या. गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या आणि त्या खोट्या व्रणावर कुंकवाचं बोट टेकवलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "लोखंडच ते, चुकलं आसंल. माफ केलं तुला."

दारात उभ्या नागप्पांचा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. ती जुनी खीळ ते अजून रोज तिथंच ठेवतात.

तर मित्रांनो, कधी उदगीरला आलात आणि उमाबाई भेटल्या, तर त्या तुम्हाला माझा व्रण दाखवतील आणि म्हणतील, हितनं तुटला होता. तुम्ही हो म्हणा.