बर्फाबाहेरची नळी

"मावशी, चार वाजता संशोधनाचा पेपर छापायला पाठवून देते. मग सगळ्यांना चहा माझ्याकडून!" संशोधन करणारी पोरगी दारातूनच ओरडली आणि मावशींनी घड्याळाकडे पाहिलं.

मावशी म्हणजे प्रयोगशाळेतल्या सहायक. बावीस वर्षं त्यांचं काम एकच: जिवाणूंच्या गाळातून हवं ते प्रथिन वेगळं काढायचं, स्वच्छ करायचं आणि बर्फात ठेवून संशोधकांच्या हाती द्यायचं. कामाला हात चोख, स्वभाव मात्र भारी काळजीचा. कपाटाला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायच्या. घरचा नळ बंद केला का, म्हणून अर्ध्या वाटेतून माघारी जायच्या. पोरं पाठीमागे त्यांना 'काळजीखातं' म्हणत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

आजची काळजी मात्र खरी होती. तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी प्रथिनाच्या दोन नळ्या तयार झाल्या होत्या. एकीत मूळ प्रथिन, दुसरीत पोरीने बदल केलेलं. पहिली नळी बर्फात ठेवून मावशींनी दुसरी हातात घेतली आणि एकदम मनात आलं, इस्त्री बंद केली का? झालं. नळी खिडकीतल्या स्टँडवर तशीच ठेवून त्या घरी धावल्या. घर दहा मिनिटांवर. इस्त्री बंदच होती, थंडगार. तरी आल्यासारखं गॅस, नळ, खिडक्या सगळं पाहून घेतलं. चाळीस मिनिटांनी परतल्या तेव्हा नळीवर कडक ऊन आलेलं. त्यांनी ती मुकाट्याने बर्फात खोचली. पुढे पोरीचा निकाल इतका छान आला की सांगायचं राहूनच गेलं. खरं तर धीर झाला नाही.

निकालही तसाच नवलाचा. या प्रथिनाच्या एका टोकाला एक छोटासा रेणू येऊन बसतो आणि पार दुसऱ्या टोकाला कामाचा वेग वाढतो. मधे ना तार, ना दोरी. अख्खं प्रथिन जरासं कूस बदलतं आणि निरोप पोहोचतो. प्रथिन म्हणजे कड्यांची साखळीच; पोरीने तिच्यातली मधली एकच कडी बदलली होती. आता रेणू दिला तरी वेग वाढत नव्हता. काम आपलं संथपणे चालू, निरोप तेवढा पोहोचत नव्हता. म्हणजे निरोप याच कडीतून जातो! दोन वर्षं मान मोडून काम केल्यावर हे हाती लागलेलं, त्यामुळे पोरीचे पाय जमिनीवर नव्हते.

तीन वाजता मावशी तिच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अगं, ती बदललेल्या प्रथिनाची नळी... माझ्याकडून बर्फाबाहेर राहिली होती."

पोरगी हसली. "मावशी, आज कुलूप किती वेळा ओढलंत?"

"चेष्टा नको गं. चाळीस मिनिटं. तीही उन्हात."

"अहो, बिघडली असती तर काम बंदच पडलं असतं ना! काम तर मस्त चाललंय. तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

मावशींना गप्प बसायला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. मान हलवून निघून गेल्या असत्या तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"काम बंद पडत नाही," त्या म्हणाल्या. "मी नोकरीला लागले तेव्हा इथे असलेल्या म्हाताऱ्या सरांनी माझ्याकडून मुद्दाम करून घेतलं होतं. हेच प्रथिन थोडा वेळ कोमट पाण्यात धरायचं. काम चालू राहतं, फक्त निरोप तुटतो. कडीला हातही न लावता."

पोरीचं हसू मावळलं. तिने संगणकाच्या पडद्यावर जुना निकाल पुन्हा उघडला.

"मग तीन आठवडे बोलला का नाहीत?"

"भ्याले गं."

चार वाजून गेले. पेपर गेला नाही आणि चहाचं कुणी नावही काढलं नाही.

पाच दिवस खपून दोघींनी सगळं पहिल्यापासून केलं. मावशींनी या वेळी नळ्यांवरून नजर हलू दिली नाही. पोरगी कामापुरतंच बोलत होती. कडी खरीच ठरू दे, माझी चूक फुकट जाऊ दे, असं मावशी मनात सारखं घोकत होत्या. शेवटी बदललेल्या प्रथिनात रेणू टाकला आणि पडद्यावरची रेघ झपझप वर चढली, मूळ प्रथिनाची चढायची तशीच. निरोप अगदी व्यवस्थित पोहोचला होता. म्हणजे तो आधी तोडला होता तो कडीने नव्हे, उन्हाने.

पोरीने चष्मा काढून डोळे पुसले. मग नोंदवही उघडली, जुन्या निकालाच्या पानावर एक तिरपी रेघ मारली आणि वही मावशींपुढे सरकवली.

"कारण तुम्ही लिहा."

मावशींनी लिहिलं: दुसरी नळी चाळीस मिनिटं बर्फाबाहेर, उन्हात होती.

"आता खाली सही."

"माझी?" मावशी गोंधळल्या. बावीस वर्षांत अशा वह्यांनी कपाटं भरली होती. प्रत्येक प्रयोगातलं प्रथिन त्यांच्या हातचं, पण त्यांची सही कुणी कधी मागितली नव्हती.

"तुमचीच. दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?"

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. खाली तारीख घातली. मग ती बरोबर आहे ना, हे भिंतीवरच्या कॅलेंडरशी तीनदा ताडून पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही.